टॉवर नको म्हणता, पण काळ्या रानात केबल झेपेल का?

रब्बीची रास घरी आली, की रान मोकळे होते आणि टॉवर लाईनच्या सर्व्हेची माणसे बांधावर दिसू लागतात. कोणाच्या हातात दुर्बीण असते, कोणाच्या हातात चुन्याची पिशवी. शिवारात चार खुंट्या ठोकल्या जातात आणि संध्याकाळी पारावर तोच विषय निघतो. "आपल्या रानातून जायली म्हणे लाईन," एक जण म्हणतो. दुसरा लगेच उसळतो, "जाऊ द्या की! पण टॉवर कामून? मुंबई-पुण्याला जमिनीतून केबल नेतात. मग आपल्याच उरावर लोखंड कामून?" बोलणे वाढत जाते आणि पुढच्या ग्रामसभेत ठराव होतो : टॉवर नको, केबल टाका.

या मागणीमागचे दुखणे खरे आहे. ज्याच्या चार एकरांच्या मधोमध टॉवरचे चार पाय रोवले जातात, त्यालाच ते कळते. पेरणीला वळसा, नांगरटीला वळसा, चार पायांच्या आत गवत माजते ते वेगळेच. वर तारा आल्या की खाली घर बांधता येत नाही, आंब्याचे झाड वाढू देता येत नाही. जमीन विकायला काढली तर गिऱ्हाईक आधी वर बघते आणि मग भाव सांगते.

पण केबल म्हणजे वरची तार खाली पुरली, एवढा सोपा मामला नाही. जमिनीतली केबल विजेच्या जाळ्याशी वेगळ्या तऱ्हेने वागते, काळ्या मातीत तिची तऱ्हा आणखी वेगळी होते, आणि ज्याच्या रानात ती पुरली जाते त्यालाही ती पुरते मोकळे सोडत नाही. ठरावावर सही करण्याआधी हा हिशेब सरपंच, ग्रामसेवक आणि शेतकरी या तिघांनाही माहीत असायला हवा. नाहीतर न झेपणाऱ्या मागणीवर वर्षभर भांडण होते आणि पदरात पडू शकणारी भरपाईही नीट मागितली जात नाही.

मोठी लाईन आपल्याकडे येते कशाला?

आपल्या जिल्ह्यात जिंतूर तालुक्यातल्या येलदरी धरणावर वीज तयार होते. पूर्णा नदीवरच्या या धरणाच्या पायथ्याशी साडेसात मेगावॉटचे तीन संच आहेत, म्हणजे सारे मिळून २२.५ मेगावॉट. गंगाखेडच्या पलीकडे, बीड जिल्ह्यात, परळीचे औष्णिक केंद्र आहे. तिथे २५० मेगावॉटचे तीन संच आहेत. पण शेजारी केंद्र आहे म्हणून वीज हमखास, असे होत नाही. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचे सगळे संच बंद ठेवावे लागले होते. अशा वेळी आपल्या मोटारी चालतात त्या चंद्रपूर, कोराडीसारख्या दूरच्या केंद्रांच्या जोरावर. ती वीज इथवर आणणाऱ्या ४००, २२० आणि १३२ केव्हीच्या लाईन म्हणजेच जाळे, ज्याला अधिकारी ग्रीड म्हणतात. एक रस्ता बंद पडला तर दुसऱ्या रस्त्याने वीज यावी, हा या जाळ्याचा सारा उद्देश.

आपण अजूनही 'बोर्डाची लाईन' म्हणतो, पण १९६० साली स्थापन झालेल्या राज्य वीज मंडळाचे २००५ साली भाग झाले. साधारणपणे मोठ्या टॉवर लाईन आणि अतिउच्चदाब उपकेंद्रे महापारेषणकडे आहेत. ३३ केव्ही, ११ केव्ही, डीपी आणि गावातले खांब महावितरणकडे आहेत. काही मोठ्या लाईन केंद्र सरकारच्या पॉवरग्रिडच्या किंवा खाजगी कंपन्यांच्याही असतात. अर्ज कोणाच्या नावाने करायचा, हे यावरून ठरते. म्हणून खुंटी ठोकणाऱ्याला पहिला प्रश्न विचारावा : लाईन कोणाची आणि किती केव्हीची?

केबल म्हणजे जमिनीत पुरलेला कपॅसिटर

विहिरीवरच्या मोटारीला कपॅसिटर बसवा, असे वायरमन सांगत असतो. पाच एचपीच्या मोटारीला साधारण दोन केव्हीएआरचा कपॅसिटर लागतो. मोटारीला पाणी उपसण्याच्या विजेशिवाय चुंबक तयार करायलाही थोडी वीज लागते. ती लाईनवरून ओढत आणली तर तारांवर भार पडतो आणि व्होल्टेज खाली जाते. कपॅसिटर ती जागच्या जागी पुरवतो, म्हणून व्होल्टेज सुधारते. एवढे सगळ्यांना ठाऊक आहे.

कपॅसिटरच्या पोटात असते काय? दोन धातूंचे पत्रे आणि मधे वीज न जाऊ देणारा थर. आता केबल कापून पाहा. मधोमध तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा गाभा, त्याभोवती जाड प्लास्टिकसारखे आवरण आणि बाहेरून पुन्हा धातूचे वेष्टन. म्हणजे केबल हा मैलोगणती लांबीचा कपॅसिटरच झाला. वरच्या तारेत आणि जमिनीत पाच-पन्नास फूट हवा असते, त्यामुळे तिचा हा गुण अगदी थोडा असतो. केबलमध्ये तो साधारण वीसपट होतो.

याचा परिणाम समजायला आपली पाईपलाईन डोळ्यांपुढे आणा. विहिरीवरून दोन हजार फुटांवर पाणी न्यायचे तर आधी नळी भरावी लागते, मग टोकाला धार पडते. पण नळी एकदा भरली की काम झाले. आपली वीज मात्र एसी आहे, सेकंदाला ५० फेरे घेणारी. प्रत्येक फेऱ्यात ही नळी भरायची, रिकामी करायची आणि उलट्या बाजूने पुन्हा भरायची. या भरण्या-उपसण्यासाठी जो करंट लागतो तो कोणाची मोटार चालवत नाही. पण केबलमधली जागा मात्र खातो.

ढोबळ हिशेब असा : ४०० केव्हीच्या केबलला नुसती भरण्यासाठी दर किलोमीटरमागे १४-१५ अँपिअर लागतात. केबलची क्षमता हजार अँपिअर धरली, तर ६५-७० किलोमीटरमध्ये ती सगळी क्षमता केबल स्वतःलाच वापरते. म्हणजे परभणीहून सडकेने नांदेड गाठेपर्यंत टोकाला देण्यासाठी काहीच उरत नाही. एवढी लांब एसी केबल टाकायचीच झाली तर मधे मधे उपकेंद्रासारखी ठाणी उभारून हा करंट शोषून घ्यावा लागतो. टॉवर टाळायला गेलो आणि ठाण्यासाठी जमीन देऊन बसलो, अशी गत.

तोच हिशेब ११ केव्हीला लावला तर किलोमीटरमागे अँपिअरभरही करंट जात नाही. ३३ केव्हीला एक-सव्वा अँपिअर. म्हणजे गावातल्या आणि तालुक्याच्या लाईनला या बाजूने केबलची अडचण जवळजवळ नाही. अडचण आहे ती मोठ्या दाबाच्या आणि लांब पल्ल्याच्या लाईनला. शहरात केबल दिसते आणि रानात दिसत नाही, त्याचे एक मोठे कारण हे आहे.

पाऊस पडला, मोटारी थांबल्या, आणि दाब चढला

जाळ्यावरचा दुसरा परिणाम व्होल्टेजचा. आपल्या भागात विजेचा भार मोटारींवर चालतो. रब्बीत गव्हाला, हरभऱ्याला, उसाला पाणी सुरू असले की लाईन दमते आणि व्होल्टेज पडते. एखाद्या रात्री सगळीकडे पाऊस झाला की सकाळी मोटारी बंद, लाईन रिकामी. रिकाम्या लांब लाईनवर उलटा प्रकार होतो. शेवटच्या टोकाला दाब सुरुवातीपेक्षाही जास्त चढतो.

हा गुण जगाला प्रथम कळला तोच मुळी केबलमुळे. १८९० च्या सुमारास इंग्लंडमध्ये फेरांटी नावाच्या इंजिनिअरने डेप्टफर्डच्या केंद्रातून लंडन शहरात १० हजार व्होल्टची भूमिगत केबल नेली. तेव्हा शहराच्या टोकाला दाब केंद्रापेक्षा जास्त भरला. आजही या प्रकाराला फेरांटीचेच नाव आहे.

४०० केव्हीच्या एका सर्किटची एक किलोमीटर केबल जाळ्यात साधारण १० हजार केव्हीएआर ढकलते. म्हणजे पाच एचपीच्या पाच हजार मोटारींचे कपॅसिटर एकदम जोडून ठेवल्यासारखे झाले, आणि तेही रात्री मोटारी बंद असतानासुद्धा न सुटणारे. मोटारी चालू असताना हा आधार बराच. पण भार उतरला की तोच आधार दाब वाढवतो, आणि चढलेल्या दाबाने उपकेंद्रातली महागडी यंत्रे धोक्यात येतात. म्हणून केबल जिथे संपते तिथे शंट रिअ‍ॅक्टर नावाचे, रोहित्रासारखे दिसणारे मोठे यंत्र बसवून हा जास्तीचा भाग शोषून घेतात. त्याचा खर्चही केबलच्या खर्चातच धरावा लागतो.

तिसरा परिणाम वाटणीचा. एकाच दोन गावांमध्ये एक चारी रुंद, गुळगुळीत आणि दुसरी गवताने भरलेली असेल तर पाणी कुठून जास्त जाईल? वीजही तशीच. केबलमध्ये अडथळा कमी, म्हणून तारांची लाईन आणि केबल शेजारी शेजारी जोडल्या तर केबल आपल्या वाट्यापेक्षा जास्त भार ओढते. शेजारची लाईन अर्धी रिकामी आणि केबल तापलेली, असे होऊ नये म्हणून आधीच आकडेमोड करावी लागते.

काळी माती : पिकाला आई, केबलला सासू

आता आपल्या घरचा प्रश्न. तार हवेत असते, वारा तिला थंड करतो. केबलची उष्णता मातीतूनच बाहेर जायला हवी. आजकालच्या केबलचा गाभा सतत ९० अंशांच्या वर तापू द्यायचा नसतो, नाहीतर आवरण लवकर म्हातारे होते. म्हणजे केबलमधून किती वीज न्यायची, हे केबलपेक्षा भोवतालची माती ठरवते. माती ओली असेल तर उष्णता पटकन पुढे जाते. तीच माती कोरडी ठाक झाली की उष्णता नेण्याची ताकद निम्म्यावर, कधी तिसऱ्या हिश्श्यावर येते.

परभणीची काळी भारी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. चैत्र-वैशाखात रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, कुठे कुठे तीन फुटांपर्यंत खोल. ११ केव्हीची केबल नियमाप्रमाणे सुमारे तीन फूट, तर ३३ केव्हीची साडेतीन फूट खोल असायला हवी. म्हणजे भेग केबलच्या उशाशी पोहोचते. भेगेत भरते हवा, आणि हवा उष्णता धरून ठेवते. ज्या महिन्यात पंखे, कूलर आणि उन्हाळी भुईमुगाच्या मोटारी एकदम चालतात, नेमक्या त्याच महिन्यात केबलला थंड करणारी माती काम सोडते.

दुसरे दुखणे जोडाचे. मोठ्या दाबाची केबल एका दमात मैलभर येत नाही. ड्रमवर मावेल तेवढीच लांबी येते आणि दर काही शे मीटरवर जोड द्यावा लागतो. माती फुगते-आकसते तशी केबल ओढली जाते आणि सगळा ताण जोडावर येतो. जोडात केसभर फट पडली तर पहिल्या पावसाचे पाणी आत शिरते. केबल बिघडते ती बहुतेक वेळा जोडावरच.

याला इलाज नाही असे नाही. चर रुंद खणून खाली-वर निवडक वाळू किंवा खास मिश्रण भरतात, काळी माती केबलला टेकू देत नाहीत, जोडाजवळ केबलला थोडा सैल वाक देतात आणि केबलची क्षमता ओल्या मातीवर न धरता कडक उन्हाळ्यातल्या कोरड्या मातीवर धरतात. पण हे सारे करायला पैसा लागतो आणि ठेकेदारावर नजर ठेवावी लागते. चर खणला, केबल सोडली आणि निघालेलीच ढेकळे आत लोटली, असे काम आपल्या रानात दोन उन्हाळेही निघणार नाही.

ऑकलंडचा धडा

माती सुकली की काय होते, याचा दाखला न्यूझीलंडमधल्या ऑकलंड शहराने १९९८ साली दिला. तिकडे जानेवारी-फेब्रुवारी म्हणजे उन्हाळा. शहराच्या मध्यभागाला वीज देणाऱ्या ११० केव्हीच्या चार मोठ्या भूमिगत केबल होत्या. जानेवारीत पहिली गेली. फेब्रुवारीत दुसरी गेली. उरलेल्या दोघींवर भार वाढला आणि २० फेब्रुवारीपर्यंत त्याही बसल्या. शहराचा व्यापारी भाग सुमारे पाच आठवडे जनरेटरवर आणि जुजबी पुरवठ्यावर राहिला. त्या साली हवा गरम आणि कोरडी होती. काही केबल जुन्या झालेल्या होत्या, आणि केबलभोवतीची माती उष्णता वाहून नेण्यात धरलेल्या हिशेबापेक्षा कमी पडत होती, असे पुढे चौकशीत आले.

यातली खरी गंमत पुढे आहे. केबल दुरुस्त होईपर्यंत थांबणे परवडेना, म्हणून रेल्वेच्या कडेने खांब रोवून वरून तारांची तात्पुरती लाईन ओढली आणि तिने शहराला आधार दिला. जमिनीतली वीज बसली तेव्हा हवेतली कामाला आली.

बिघाड झाला तर?

आपल्याकडे तार तुटली की वायरमन लाईन धरून चालत जातो आणि दोन-चार तासांत ठिकाण सापडते. वीज कडाडली, फांदी टेकली, पाखरू चिकटले, तर मोठ्या लाईनवरचा ब्रेकर पडतो आणि क्षणात आपोआप पुन्हा लागतो. कोणाला कळतही नाही. केबलवर असे आपोआप लावत नाहीत, कारण केबलमधला बिघाड आपोआप बरा होत नसतो. पुन्हा वीज सोडली तर जखम वाढते.

केबलचा बिघाड डोळ्यांना दिसत नाही. यंत्र लावलेली गाडी बोलवावी लागते, अंतर मोजावे लागते, उभ्या पिकात चर खणावा लागतो आणि जोड देणारा कसबी कारागीर आणावा लागतो. ११ केव्हीला एक-दोन दिवस, तर मोठ्या दाबाच्या केबलला कित्येक आठवडे लागू शकतात. पावसाळ्यात चिबडलेल्या रानात तर गाडीच जाणार नाही. सोयाबीनच्या शेंगा भरताना पावसाने ताण दिला आणि त्याच वेळी केबल बसली, तर पीक कोणाची वाट बघत नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वादळात खांब आडवे होतात, केबल होत नाही. आकडा टाकून वीज चोरता येत नाही. तार तुटून बैल दगावत नाही, उसाच्या फडात ठिणगी पडत नाही. बिघाड कमी वेळा होतो, पण झाला की मोठा होतो, असे हे गणित आहे.

पुरली म्हणून जमीन मोकळी होत नाही

टॉवर लाईनखाली पेरणी चालते, औत चालते. केबलच्या चरावरही पेरता येते, पण त्या पट्ट्यात बोअर घेता येत नाही, शेततळे खणता येत नाही, खोल मुळ्यांची झाडे लावता येत नाहीत. पाईपलाईन आडवी न्यायची तर परवानगी लागते. जोडाच्या जागी सिमेंटचे खड्डे होतात आणि तिथवर गाडी जाईल असा रस्ता कायम मोकळा ठेवावा लागतो.

शिवाय चर खणताना वरची काळी खाली जाते आणि खालची पांढरी, चुनखडीची किंवा मुरमाड माती वर येते. थरावर थर जसेच्या तसे भरले नाहीत तर त्या पट्ट्यात पुढची कितीतरी वर्षे पीक पिवळे दिसते. केबल मागणाऱ्या गावाने करारात ही अट घालून घ्यावी : वरची माती वेगळी ठेवायची आणि शेवटी वरच टाकायची.

मग केबल शोभते कुठे?

जिथे जागाच नाही, अंतर थोडे आहे, किंवा वादळाचा धोका मोठा आहे, तिथे. मुंबईसारख्या शहरात टॉवरला जागा कुठून आणणार? कोकण किनाऱ्यावर अलिबाग, रत्नागिरीसारख्या ठिकाणी चक्रीवादळाच्या धोक्यामुळे वितरणाच्या लाईन जमिनीखाली नेण्याची कामे हाती घेतली गेली.

केरळात जमिनीची टंचाई आणि लोकांचा विरोध, दोन्ही होते. तिथे तमिळनाडूतल्या पुगळूरहून त्रिशूरपर्यंत २,००० मेगावॉटचा मार्ग बांधला. तो २०२१ साली सुरू झाला आणि त्याचा सुमारे तीस किलोमीटरचा भाग भूमिगत आहे. पण तिथली वीज एसी नसून डीसी आहे. डीसीत नळी एकदाच भरते, त्यामुळे लांबीची अडचण राहत नाही. मात्र एसीचे डीसी आणि पुन्हा डीसीचे एसी करणारी प्रचंड खर्चाची केंद्रे दोन्ही टोकांना लागतात. मधल्या गावाला त्यातून फाटा काढून डीपी मागता येत नाही.

माळढोक पक्ष्याची गोष्टही इथे उपयोगी आहे. राजस्थान-गुजरातेत तारांना धडकून माळढोक मरतात, म्हणून १९ एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या वावराच्या भागातल्या लाईन शक्य तिथे जमिनीखाली नेण्याचा आदेश दिला. मोठ्या दाबाच्या लाईनला हे तांत्रिकदृष्ट्या आणि खर्चाने झेपणारे नाही, अशी बाजू सरकारने मांडली. २१ मार्च २०२४ रोजी न्यायालयाने सरसकट बंधन मागे घेतले आणि कुठे पुरायचे, कुठे नाही, हे तपासायला तज्ज्ञांची समिती नेमली. सरसकट होकार नाही, सरसकट नकारही नाही, जागा पाहून निर्णय. गावानेही हीच वाट धरावी.

ग्रामसभेने काय मागावे?

लाईन ११ किंवा ३३ केव्हीची असेल आणि ती गावठाणातून, शाळेवरून, बाजारतळावरून किंवा यात्रेच्या रथाच्या वाटेवरून जात असेल, तर तेवढ्या तुकड्यापुरती केबल मागणे रास्त आहे. गल्लीत लघुदाबाची उघडी तार असेल तर खांबावरचीच, पण आवरण असलेली एबी केबल मागावी. ती स्वस्त पडते आणि बिघाड दिसतो. केबल पुरली गेली तर तिचा नकाशा ग्रामपंचायतीच्या दप्तरी ठेवावा. नळयोजनेचा चर खणताना जेसीबीवाल्याला वरचा खांब दिसतो, खालची केबल दिसत नाही. वर खुणेचे दगड आणि केबलवर विटा किंवा फरशी हवीच.

लाईन १३२ केव्ही किंवा त्याच्या वरची असेल, तर सगळी लाईन पुरा म्हणण्यात ताकद घालवू नये. त्याऐवजी मार्ग बांधाच्या किंवा रस्त्याच्या कडेने वळवता येतो का, टॉवर धुऱ्यावर घेता येतो का, अरुंद पायाचा टॉवर किंवा एकच खांब बसवता येतो का, हे लेखी विचारावे. खुंट्या ठोकल्या जात असतानाच हे विचारायचे असते. पाया भरल्यावर कोणी ऐकत नाही.

आणि भरपाईचा हिशेब स्वतः करावा. २००३ च्या विद्युत कायद्याच्या कलम १६४ नुसार लाईनवाल्यांना १८८५ च्या तार कायद्यातले अधिकार देता येतात. त्यात जमीन संपादित होत नाही, सातबारा शेतकऱ्याच्याच नावावर राहतो, पण नुकसानीची भरपाई द्यावी लागते. केंद्र सरकारच्या जून २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत ६६ केव्ही आणि त्यावरच्या लाईनसाठी टॉवरच्या पायाखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला ३० टक्के असे प्रमाण सांगितले आहे. प्रत्यक्षात राज्याचा जो शासन निर्णय लागू असेल त्याप्रमाणे रक्कम ठरते. म्हणून तो कोणत्या तारखेचा आहे हे जिल्हाधिकारी कार्यालयातून लेखी घ्यावे.

बहुतेक जण टॉवरच्या पैशांवर भांडतात आणि पट्टा विसरतात. एक उदाहरण पाहू. २२० केव्हीच्या लाईनचा पट्टा ३५ मीटर रुंद धरा आणि ती तुमच्या रानातून २०० मीटर जाते असे समजा. पट्टा झाला ७,००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ पावणेदोन एकर. जमिनीचा भाव एकरी दहा लाख धरला तर ३० टक्क्यांनी पाच लाखांच्या वर रक्कम होते. टॉवरखाली मात्र गुंठाभरच जागा जाते. तिचे दुपटीने पन्नास हजार. पन्नास हजारांसाठी लाईन अडवायची आणि पाच लाखांचा अर्जच करायचा नाही, हा कुठला हिशेब? उभ्या पिकाची आणि झाडांची नुकसानी याशिवाय वेगळी. त्यासाठी काम सुरू होण्याआधी तलाठ्याकडून पंचनामा करून घ्यावा. दिलेली भरपाई अपुरी वाटली तर जिल्हा न्यायाधीशांकडे दाद मागण्याची सोय त्याच जुन्या कायद्यात आहे.

"आम्हाला वीज पाहिजे, पण आमच्या रानातून नको," असे बोलून भागणार नाही, आणि "देशाच्या कामाला जमीन द्या," असे म्हणून शेतकऱ्याला गप्पही करता येणार नाही. जाळे टिकले तर मोटार चालते, आणि शेतकरी टिकला तर जाळ्याला काम आहे. पुढच्या ग्रामसभेत टॉवरचा विषय निघेल तेव्हा ठरावात पाच ओळी लिहा : लाईन किती केव्हीची, मार्ग कोणता, पर्याय कोणते तपासले, पट्टा किती मीटरचा आणि भरपाई कोणत्या शासन निर्णयाने. या पाचांची लेखी उत्तरे हाती आल्यावरच खुंट्यांना हात लावू द्या.